सहीच्या आधी

अगं, बस जरा इथं बाकावर. ट्रंक राहू दे खाली. अण्णांनी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तुझं नाव लिहिलंय, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका सगळं. ती कुठं हरवायची नाही. पहाटे बार्शीच्या स्टँडवर गाडीत बसलीस, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत करत आता स्वारगेटला उतरलीस. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि रुमालाच्या गाठीत आईनं भिशीतून काढून दिलेले पैसे. ती गाठ तू सगळ्या वाटेत चाचपत आलीस, मला माहितीय.

जून 1999 आहे. शाळेच्या दाखल्यावर तुझी जन्मतारीख 1 जून 1981. आई म्हणते तू श्रावणातली, पण गुरुजींनी निम्म्या वर्गाची तारीख 1 जूनच टाकली. म्हणून कागदोपत्री तुला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली.

घरात तू थोरली. दोन्ही धाकटी तुला ताई म्हणतात, गल्लीतली पोरंही ताईच म्हणतात. पण जिला ताई म्हणावं, जिच्या कुशीत शिरून काही विचारावं, असं तुला कोणी नाही. त्याची चुटपुट मला आजही लागते. तेव्हा ती ताई आता मीच होते. चव्वेचाळीस वर्षांची आहे मी, केस बरेच पांढरे झालेत. घाबरू नकोस, रागवायला आलेली नाही.

कायद्यात तुझ्यासाठी एक सुंदर शब्द आहे: सज्ञान. 1875 साली केलेल्या कायद्यानं अठरा वर्षांवर ही रेघ ओढली. कालपर्यंत प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या परवानगीवर 'पालकाची सही' असा रकाना असायचा आणि तिथं अण्णा मान तिरकी करून, जीभ किंचित बाहेर काढून सही करायचे. आता तुझी सही चालेल. बँकेत, कोर्टात, कचेरीत, सगळीकडे. सही एका रात्रीत सज्ञान होते, पण कशावर करायची आणि कशावर नाही हे शिकवायला कोणी येत नाही. मला जे सांगायचंय ते सगळं या सहीभोवती आहे.

पण आधी कॉलेजचं सांगते, कारण तुझ्या पोटात सगळ्यात मोठा गोळा त्याचाच आहे.

कॉमर्सच्या वर्गात पहिल्या दिवशी सर इंग्रजीत बोलतील. डेबिट, क्रेडिट, जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स. तुला वाटेल आपल्याला यातलं काहीच येत नाही, आपण चुकून इथं आलो. मी चार महिने शेवटून दुसऱ्या बाकावर खाली मान घालून बसले होते. पहिल्या चाचणीत नापास झाले आणि होस्टेलच्या मुलींना सांगितलं, ताप होता. दिवाळीनंतर एकदा लायब्ररीत बारावीचं मराठी पुस्तक शेजारी ठेवून बघितलं, तेव्हा उमगलं. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. अगं, हे सगळं तुला येतंय! बोर्डाच्या परीक्षेत तुझी तेरीज एका रुपयानंही चुकली नव्हती. तू ज्या घरात वाढलीस त्याच घरावरची पाटी बदललीय, एवढंच. तेव्हा पहिल्याच आठवड्यात हात वर कर आणि विचार, "सर, याला मराठीत काय म्हणतात?" दोनचार जण हसतील. तास संपल्यावर त्यांतलेच दोघं तुझी वही मागायला येतील, कारण त्यांनाही ते माहीत नसतं.

विचारायची लाज हे आपल्याकडच्या हुशार मुलींचं फार जुनं दुखणं आहे. आपल्याला वाटतं, विचारलं की आपलं अज्ञान उघडं पडेल. न विचारल्यामुळे काय काय उघड्यावर पडतं ते मी पुढं सांगतेच.

तू रोज बुधवार पेठेतून जाशील, दगडूशेठ गणपतीला हात जोडशील. मीही जोडायचे, आणि समोरच्या मोडकळीला आलेल्या वाड्याकडे पाठ करून पुढं जायचे. तो भिडेवाडा. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली ती तिथं. तीन वर्षं मी त्या रस्त्यानं गेले आणि मला पत्ता नव्हता. आता तो वाडा उभा नाही, 2023 च्या डिसेंबरात तो पाडला. तुझ्या वेळी आहे. एकदा थांबून नीट बघून घे, माझं ते राहून गेलं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. पैसे वाचवायचे म्हणून खाणावळीचा रात्रीचा डबा बंद करशील आणि चहा-खारीवर झोपशील. करू नकोस. दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडले, तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. बारा हवं असतं. त्यात मी काही एकटी नव्हते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. सारखं थकायला होणं हा बाईचा स्वभाव आहे, असं मानून आई जगली, आजी जगली. तो आजार असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. तू तपासून घे.

आणि रात्री रडू येईल. कॉटवर पडून, पंख्याकडे बघत, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड घालून. रविवारी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलवून घेशील आणि "सगळं छान आहे" म्हणशील, डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर. एकदा तरी खरं सांग. आईला ते झेपतं. मी तिला खूप वर्षांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला आवाजावरनं कळायचं गं. तू म्हणत नव्हतीस म्हणून मीबी विचारलं नाही." किती रविवार आम्ही दोघींनी असे वाया घालवले.

आता सहीचं ऐक.

2004 साली तू नोकरीत असशील, हिशेब खात्यात. चांगली नोकरी, चांगली माणसं. एक वरिष्ठ सहकारी, वडिलांच्या वयाचे, मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेचं कर्ज काढत असतील. दुपारी डबा खाताना फॉर्म पुढं करतील, पेन्सिलनं फुल्या मारलेला. इथं, इथं आणि इथं. "फक्त जामीनदार म्हणून गं, नुसती ओळख." मी डाव्या हातानं डब्याचं झाकण लावत उजव्या हातानं पाच सह्या केल्या. मला खरंच वाटलं होतं की जामीनदार म्हणजे ओळख सांगणारा माणूस. बँकेत खातं उघडताना नाही का कुणा जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची, तसंच काहीतरी.

जामीनदार म्हणजे तो नव्हे. 1872 च्या करार कायद्यात 128 वं कलम आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी देणेदारी तेवढीच जामीनदाराची. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असंही जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. त्या गृहस्थांचे हप्ते थकले, ते नोकरी सोडून गावी निघून गेले, आणि चौदा महिने माझ्या पगारातून पैसे कापले गेले. हिशेब खात्यात बसून मी माझ्याच पगाराच्या पावतीवर ती कपात बघायची. दर महिन्याला वाटायचं, डबा खाली ठेवून तो कागद एकदा वाचला असता तर?

त्या माणसावर माझा आता राग नाही. त्यांची अडचण खरी होती. पण "वाचते आणि उद्या देते" एवढं म्हणायला मला का सुचलं नाही? सुचलं होतं, जीभ उचलली नाही. मोठ्या माणसासमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याला घरातून शिकवलेलं असतं. ते शिकणं आजपासून सोडून दे. ज्याला तुझं भलं हवंय तो तुला वाचायला एक रात्र देतो. घाई करणाऱ्याला तर आधी थांबवायचं.

आणि नाही म्हणणं उद्धटपणा आहे असं कोणी म्हणालं तर रखमाबाईंची आठवण ठेव. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, मोठेपणी त्या नवऱ्याकडे जायला नाही म्हणाल्या. 1887 साली मुंबई हायकोर्टानं नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम केला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करते म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या खटल्याच्या सुमारास वर्तमानपत्रात पत्रं लिहिताना त्यांना स्वतःचं नाव घालता आलं नव्हतं, 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही. तुला तुझं नाव घालता येतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे, बघ.

नावावरून आठवलं. 2006 साली तुझं लग्न होईल. माणूस चांगला आहे, ते मी तुला आत्ताच सांगून टाकते म्हणजे काळजी मिटेल. लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नाव गोड होतं. सासूबाई त्याच नावानं हाक मारतात आणि मला आवडतं. पण मग कोणीतरी म्हणालं, आता रेशनकार्डावर, बँकेत सगळीकडे हेच घाल. मी घातलं. डिग्रीवर एक नाव, खात्यावर दुसरं, पॅनकार्डावर तिसरंच. पुढची दहा वर्षं प्रतिज्ञापत्रं करण्यात गेली, शेवटी राजपत्रात छापून आणलं तेव्हा सुटका झाली. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. बदलायचं तर हौसेनं बदल. पण विचार करून, स्वतः ठरवून. घरात हाक कोणत्याही नावानं मारू दे, कागदावर एक नाव कायम धर.

आता शेवटची सही. ही सांगताना मला अजून जड जातं, तेव्हा सावकाश सांगते.

तू पाचवीत असताना आई संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गाला जायची, आठवतंय ना? भाकऱ्या उरकून, हातपाय धुऊन, तुझी जुनी पाटी पदराखाली घेऊन. तिनं काही फार वाचायला शिकून घेतलं नाही, पण नाव लिहायला शिकली. तू तिचा हात धरून गिरवून घेतलंस. पहिल्यांदा रेशनच्या वहीत तिनं अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी घरात शिरा झाला होता. ती सही करताना ती प्रत्येक अक्षराच्या आधी थांबते, पेन उचलते, श्वास घेते, मग पुढचं अक्षर.

2011 साली अण्णा गेले. तेराव्याचं जेवण उरकलं आणि चुलते म्हणाले, "बहिणींनी सह्या करून टाकायच्या, रीतच आहे. भावाच्या नावावर सातबारा होऊ दे." चार दिवसांत आम्ही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. मी, धाकटी बहीण आणि आई. हक्कसोडपत्र. तिथं फोटो काढतात, अंगठा घेतात. आईचा अंगठा यंत्रावर उमटेना, आयुष्यभर राखेनं भांडी घासून रेघाच राहिल्या नव्हत्या. तिथला माणूस ओल्या रुमालानं पुसून पुन्हा पुन्हा दाबत होता. मग तिनं सही केली. थांबून, पेन उचलून, श्वास घेऊन. मी तिच्या शेजारी उभी होते. मी हिशेबातली पदवीधर. मी तो कागद वाचला नाही. त्यात आईचाही हिस्सा सोडलेला होता हे मला घरी आल्यावर कळलं. मी शिकवलेली सही आईनं सगळ्यात मोठ्या कामासाठी वापरली ती तिचं होतं नव्हतं ते देऊन टाकायला.

भाऊ वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यानंच तिला सांभाळलं, त्यानंच शेत कसलं, दुष्काळात विहीर खोल केली. मी वाचून, समजून बसले असते तरी माझा वाटा त्यालाच दिला असता. पण विहिरीकडचा अर्धा एकर आईच्या नावावर ठेवा, एवढं म्हणाले असते. मग गुडघ्याच्या औषधाला पैसे मागताना तिला सुनेसमोर उंबऱ्यात ताटकळावं लागलं नसतं. माझा वाटा गेला याचं मला दुःख नाही. माझा होता हे मला माहीत नव्हतं, याचं आहे. माहीत असून देतो ते दान असतं, माहीत नसताना जातं त्याला दान कसं म्हणायचं?

म्हणून तू आत्ताच माहीत करून घे. तू आज इथं बाकावर बसलीस, तेव्हाही तुझा हक्क आहे. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं वाटा दिलाय. त्याआधी लग्न झालेल्या मुली तेवढ्या बाहेर राहिल्या. पुढं 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीनं तो देशातल्या सगळ्या हिंदू मुलींना मिळेल, लग्न झालेलं असो वा नसो. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालय स्पष्ट करेल की 2005 साली वडील हयात होते का हे बघायचं कारण नाही, मुलीचा हक्क जन्माचाच. हक्कसोड मात्र एकदा नोंदवली की मोडणं महाकठीण. दबाव होता, फसवणूक होती, हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, आणि सख्ख्या भावाविरुद्ध कोण जातं?

सुट्टीत घरी गेलीस की अण्णांना म्हण, मला सातबारा वाचायला शिकवा. त्यांना आनंद होईल बघ. सात म्हणजे मालकीचा नमुना, बारा म्हणजे पिकाचा. फेरफार कसा बघायचा, वारसनोंद कुठं होते, तलाठ्याला काय विचारायचं, हे सगळं त्यांना पाठ आहे. भावाला शेजारी बसव, बहिणीला बसव, आणि आईला सगळ्यात पुढं. माझ्या वेळी अण्णा गेल्यावर ते कागद पहिल्यांदा बाहेर निघाले. तुझ्या वेळी अजून ते ओसरीवर बसलेत, चष्मा कपाळावर ढकलून. केवढी वर्षं आहेत तुझ्या हातात त्यांच्याबरोबर!

आणि या महिन्यातच बँकेत खातं उघड. भले शंभर रुपयांचं. पासबुकावर तुझं एकटीचं नाव असू दे.

डोळे पूस आता. तू फार गुणी मुलगी आहेस, हे तुला कोणी तोंडावर म्हणणार नाही, आपल्या घरात तशी पद्धत नाही. मी म्हणते. तू एकटी एवढ्या लांब आलीस, ट्रंक स्वतः उचललीस, रिक्षावाल्याशी घासाघीस करायला जीभ वळत नसताना पत्ता विचारत निघालीस. बार्शीच्या आपल्या गल्लीतून पुण्याला शिकायला आलेली तू पहिली मुलगी आहेस. तुझ्यामागून धाकटी येईल, मग शेजारच्या दोघी येतील. तुझ्या ट्रंकेकडे बघून येतील.

चल, उठ. सदाशिव पेठेत काकू वाट बघत असतील, कॉट बेसिसची खोली, तिघींत एक खिडकी. त्या हसून पाणी देतील, "आमच्या मुलीसारखीच तू" म्हणतील आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतील. अण्णांनी आडत्याकडून तुरीवर उचल घेऊन ते पैसे उभे केलेत. मी रुमालाची गाठ सोडली, पैसे दिले, नमस्कार केला आणि खोलीत गेले. तीन वर्षांनी जाताना मागितले, तर त्या म्हणाल्या, "कसलं डिपॉझिट?"

तू पैसे मोजून दे. आणि नमस्कार करायच्या आधी पावती माग, तारीख घालून, त्यांच्या सहीची.